अमेरिकेत नवी गाडी घेताना कंपनीमार्फत मिळणारी सवलत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीमार्फत मिळणारी सवलत म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील मोठ्या वाहन कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना ठरावीक सूत्राने काढलेल्या किमतीत गाडी देतात. या आतल्या वर्तुळाबाहेर आणखी एक मोठे वर्तुळ असते. वाहन कंपनीला सुटे भाग किंवा सेवा पुरवणाऱ्या, तिच्याकडून मोठ्या संख्येने गाड्या घेणाऱ्या अथवा तिच्याशी अन्य प्रकारचा करार असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी या वर्तुळात येतात. त्यांना कर्मचाऱ्यांच्या किमतीपेक्षा थोडी जास्त, पण स्टिकरवरच्या, म्हणजे गाडीच्या काचेवर लावलेल्या किमतीपेक्षा बरीच कमी अशी पूर्वनिश्चित किंमत मिळते. फोर्डमध्ये या योजनेला एक्स-प्लॅन म्हणतात, जनरल मोटर्समध्ये सप्लायर डिस्काउंट म्हणतात आणि क्रायस्लर, डॉज, जीप व रॅम या गाड्या बनवणाऱ्या स्टेलँटिसमध्ये ती अफिलिएट रिवॉर्ड्स या नावाने ओळखली जाते.

‘पूर्वनिश्चित’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ही किंमत विक्रेत्याच्या मर्जीवर किंवा तुमच्या घासाघिशीच्या कौशल्यावर ठरत नाही. प्रत्येक गाडीसाठी ती वाहन कंपनीच्या सूत्राने ठरते आणि डीलरच्या कागदपत्रांत ती पाहता येते. ज्यांना शोरूममध्ये तासन्‌तास बसून भाव पाडणे जमत नाही किंवा आवडत नाही, त्यांच्यासाठी या योजनेचे खरे मोल तेच आहे.

ए, झेड, डी, एक्स ही अक्षरे ऐकू येतात. त्यांतला फरक काय?

ही फोर्डची भाषा आहे. ए-प्लॅन कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पात्र कुटुंबीयांसाठी असतो, झेड-प्लॅन निवृत्तांसाठी, डी-प्लॅन डीलरकडे काम करणाऱ्यांसाठी आणि एक्स-प्लॅन भागीदार कंपन्यांचे कर्मचारी तसेच फोर्ड कर्मचाऱ्यांनी शिफारस केलेले मित्र व शेजारी यांच्यासाठी. अक्षरांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. माझदाचा एस-प्लॅन आहे आणि व्होल्वोचाही ए-प्लॅन आहे. फोर्डकडे १९९९ पासून २०१० पर्यंत व्होल्वोची मालकी असली, तरी आज व्होल्वोच्या ए-प्लॅनचा फोर्डच्या ए-प्लॅनशी संबंध नाही. तेव्हा सहकाऱ्याने ‘मला ए-प्लॅनमध्ये मिळाली’ असे सांगितले, तर गाडी कोणती हे आधी विचारावे.

माझ्या कंपनीचा वाहनउद्योगाशी संबंध नाही. तरीही मी पात्र असू शकतो का?

हो, आणि पुष्कळांना हे ठाऊकच नसते. रुग्णालये, विद्यापीठे, बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या अशा अनेक संस्था या ना त्या वाहन कंपनीच्या भागीदार यादीत असतात. कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांच्या लाभांचे पान असते, तिथे आरोग्यविमा आणि निवृत्तिनिधीच्या खाली कुठेतरी ‘डिस्काउंट’ किंवा ‘पर्क्स’ असा विभाग दिसतो. गाडीची सवलत बहुधा तिथेच असते. तिथे सापडली नाही, तर मनुष्यबळ विभागाला ‘अमुक वाहन कंपनीच्या भागीदार योजनेत आपण आहोत का, आणि असल्यास आपला कंपनी कोड काय’ असे थेट लिहून विचारावे. ‘गाडीवर काही सूट आहे का’ असे मोघम विचारल्यास उत्तरही मोघमच येते.

पती किंवा पत्नीची नोकरी वेगळ्या कंपनीत असेल, तर दोन्ही बाजूंनी तपासावे. एकाची कंपनी जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, यादीत आणि दुसऱ्याची फोर्डच्या, असे सर्रास आढळते, आणि त्यामुळे निवड करायला दोन दरवाजे उघडतात.

मी सल्लागार म्हणून क्लायंटच्या कार्यालयात काम करतो. क्लायंटची सवलत मला लागू होते का?

आपल्या मराठी मंडळींमध्ये हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि सर्वांत अधिक गैरसमजही याच बाबतीत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कुठे बसता, कोणाचा बिल्ला गळ्यात घालता, कोणाच्या ई-मेलवरून पत्रव्यवहार करता, यांवर पात्रता ठरत नाही. ती तुम्हाला पगार कोण देते यावर ठरते. पगाराच्या पावतीवर, म्हणजे पे-स्टबवर, आणि डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षअखेरीच्या पगार व करकपातीच्या दाखल्यावर, ज्या कंपनीचे नाव छापलेले असते, ती तुमची कंपनी. सल्लागार कंपनीचा कर्मचारी पाच वर्षे डिट्रॉइटजवळच्या एखाद्या वाहन कंपनीच्या कार्यालयात रोज जात असला, तरी केवळ त्यामुळे तो त्या वाहन कंपनीचा कर्मचारी होत नाही आणि कर्मचाऱ्यांच्या किमतीवर त्याचा हक्क पोहोचत नाही.

यातली दिलासादायक बाजू अशी की, जी सल्लागार कंपनी वाहन कंपनीला मनुष्यबळ किंवा सॉफ्टवेअर सेवा पुरवते, ती स्वतःच पुरवठादार असते. त्यामुळे ती पुरवठादारांच्या किंवा भागीदारांच्या योजनेत नोंदलेली असण्याची शक्यता असते. म्हणजे क्लायंटच्या नव्हे, तर स्वतःच्या नियोक्त्याच्या नावाने चौकशी करायची. मध्ये दोन-तीन कंपन्यांची साखळी असेल, म्हणजे क्लायंट, मुख्य विक्रेता (क्लायंटशी थेट करार असलेली सेवा कंपनी) आणि त्याखाली तुमची छोटी कंपनी, तर यादीत मुख्य विक्रेत्याचे नाव असूनही तुमच्या कंपनीचे नसेल असे होऊ शकते. अशा वेळी मुख्य विक्रेत्याचे नाव सांगून सवलत घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. खरेदीच्या वेळी पे-स्टब मागितला की नावातला फरक उघड होतो आणि बैठक तिथेच मोडते.

१०९९ वर काम करणारे, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार, बहुतेक योजनांत कर्मचारी म्हणून धरले जात नाहीत. अर्धवेळ कर्मचाऱ्यांबाबत प्रत्येक भागीदार कंपनीच्या करारात काय लिहिले आहे, ते पाहावे लागते. व्हिसाच्या प्रकाराशी या सवलतीचा थेट संबंध नाही, तिथे पाहतात ती नोकरी. व्हिसाची मुदत आडवी येते ती कर्जाच्या टप्प्यावर, कारण काही वित्तसंस्था कर्जाचा कालावधी त्या मुदतीशी जोडून पाहतात.

कुटुंबातील कोणाला ही सवलत घेता येते?

पती किंवा पत्नी जवळजवळ सर्वत्र पात्र असतात. त्यापुढे मात्र योजनांच्या व्याख्या वेगळ्या होतात. वाहन कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या योजनेत आई-वडील, सासू-सासरे, मुले, भावंडे असा बराच मोठा परिवार येतो, तर भागीदार कंपन्यांच्या योजनेत अनेकदा केवळ जोडीदार आणि एकाच घरात राहणारे सदस्य एवढ्यांपुरतीच मर्यादा असते. आपल्याकडे ‘घरचेच आहेत’ या शब्दांत चुलतभावापासून मेहुण्याच्या मित्रापर्यंत सगळे बसतात. योजनेच्या नियमांत ते बसत नाहीत. नाते तपासण्यासाठी एकाच पत्त्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो.

गाडी ज्याच्या नावावर होणार, त्याच्याच नावाचा कोड, म्हणजे सवलतीसाठी वाहन कंपनीकडून मिळणारा क्रमांक, असावा लागतो. मुलाच्या नावे टायटल (गाडीच्या मालकीचा दाखला) आणि वडिलांच्या नावे कोड, असे चालेल का हे सौद्यापूर्वीच विचारावे, कागद तयार झाल्यावर नव्हे.

मित्र वाहन कंपनीत नोकरीला आहे. तो मला कोड देऊ शकतो का?

काही योजनांत देऊ शकतो. फोर्डचे कर्मचारी मित्र आणि शेजाऱ्यांसाठी एक्स-प्लॅनचे पिन काढू शकतात आणि स्टेलँटिसमध्येही मित्रांसाठी वेगळी व्यवस्था आहे. मात्र एका कर्मचाऱ्याला वर्षात मर्यादितच कोड मिळतात, त्यामुळे मित्राकडे कोड मागताना तो आपल्या वाट्यातली एक संधी तुम्हाला देतो आहे, याची जाणीव ठेवलेली बरी. शिवाय कोडच्या गैरवापराची जबाबदारी देणाऱ्यावर येते. आधी गाडी नक्की करावी, मगच कोड मागावा. ‘असू दे हाताशी’ म्हणून घेतलेला कोड वापरला गेला नाही, तर एखाद्या खऱ्या गरजूची संधी वाया जाते.

इंटरनेटवर असे कोड विकत मिळतात. ते घ्यावेत का?

घेऊ नयेत. कोड विकणे हे सर्व योजनांच्या नियमांविरुद्ध आहे. विकणाऱ्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, सवलतीपोटी डीलरला दिलेली भरपाई वाहन कंपनी परत मागू शकते आणि डीलर ती रक्कम ग्राहकाकडून वसूल करू पाहतो. तुम्ही त्या व्यक्तीला ओळखता का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणार नसेल, तर तो कोड तुमचा नाही.

कोड कसा आणि कधी काढायचा? कोणती कागदपत्रे लागतात?

वाहन कंपनीच्या सवलत योजनेच्या संकेतस्थळावर खाते उघडून, आपल्या कंपनीचा कोड किंवा कार्यालयीन ई-मेल देऊन पात्रता सिद्ध केली की एक क्रमांक मिळतो. फोर्ड त्याला पिन म्हणते, जीएम ऑथरायझेशन नंबर आणि स्टेलँटिस कंट्रोल नंबर. या क्रमांकाला मुदत असते. वाहनचालक परवान्यावर आहे तसेच नाव भरावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, आडनावाची स्पेलिंगे कागदोपत्री बदलतात, आणि एवढ्याशा फरकामुळे डीलरच्या संगणकावर क्रमांक जुळत नाही.

शोरूममध्ये जाताना क्रमांक, वाहनचालक परवाना आणि अलीकडचा पे-स्टब सोबत असावा. पे-स्टबवर तुमचे नाव, कंपनीचे नाव आणि तारीख एवढेच दिसणे गरजेचे आहे. पगाराचा आकडा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकून प्रत द्यायला हरकत नाही, कारण हा पुरावा नोकरीचा आहे, उत्पन्नाचा नाही. कर्जाच्या अर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा मागितला तर तो स्वतंत्र विषय समजून स्वतंत्रपणे द्यावा.

क्रमांक खरेदीपूर्वी काढलेला असणे अत्यावश्यक आहे. सौदा पूर्ण होऊन गाडी ताब्यात आल्यावर ‘मी पात्र होतो, आता फरक परत द्या’ असे म्हणून सहसा उपयोग होत नाही.

डीलर ही सवलत नाकारू शकतो का?

नाकारू शकतो, आणि हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. अमेरिकेत डीलर हा वाहन कंपनीचा नोकर नसतो, तो स्वतंत्र व्यावसायिक असतो, आणि राज्यांचे फ्रँचायझी कायदे त्याचे हे स्वातंत्र्य जपतात. गाडी कंपनीकडून विकत घेऊन तो ती स्वतःच्या किमतीने विकतो. सवलत योजनेत सहभागी होणे हे बहुधा त्याच्या इच्छेवर असते, आणि सहभागी असूनही एखादी दुर्मीळ, मागणी जास्त असलेली गाडी योजनेच्या किमतीत देण्यास तो नकार देऊ शकतो. २०२१ आणि २०२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे गाड्याच मिळेनाशा झाल्या, तेव्हा स्टिकरवर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून हजारो डॉलर चढवणारे डीलर योजनेचे नाव काढताच नकारार्थी मान हलवत.

एकदा त्याने योजनेखाली विक्री मान्य केली की मात्र तो नियमांनी बांधला जातो. योजनेच्या किमतीवर वेगळा अधिभार लावण्याची मुभा त्याला उरत नाही. म्हणून जाण्यापूर्वी डीलरला लेखी विचारावे: ‘अमुक गाडी, अमुक स्टॉक क्रमांक (डीलरच्या साठ्यातील त्या गाडीचा क्रमांक), या योजनेच्या किमतीत तुम्ही विकाल का?’ होकार ई-मेलवर आला तरच प्रवासाचे कष्ट घ्यावेत. एकाने नकार दिला तर वाद न घालता दुसऱ्या डीलरला विचारावे. कोड एखाद्या डीलरशी बांधलेला नसतो.

योजनेची किंमत हीच सर्वांत कमी किंमत असते का?

नेहमीच नाही. याचे कारण समजून घ्यायचे तर किमतीच्या पायऱ्या माहीत हव्यात. काचेवर लावलेल्या स्टिकरवर उत्पादकाने सुचवलेली किंमत, म्हणजे एमएसआरपी, असते. हा स्टिकर लावणे १९५८ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉनरोनी यांच्यामुळे त्याला मॉनरोनी लेबल म्हणतात. त्याखालची पायरी इनव्हॉइसची, म्हणजे वाहन कंपनीने डीलरला लावलेल्या किमतीची. पण तीही अखेरची नाही. अनेक कंपन्या साधारण २ ते ३ टक्के रक्कम ‘होल्डबॅक’ म्हणून डीलरला नंतर परत देतात. त्यामुळे इनव्हॉइसच्या खाली विकूनही डीलर नफ्यात राहू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. स्टिकर ४२,००० डॉलरचा, इनव्हॉइस ३९,९०० डॉलरचे आणि योजनेची किंमत ३९,७०० डॉलर. होल्डबॅक स्टिकरच्या ३ टक्के धरला तर १,२६० डॉलर होतो, म्हणजे डीलरला ही गाडी प्रत्यक्षात ३८,६४० डॉलरला पडते. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठायचे असेल आणि ती गाडी आवारात बरेच दिवस उभी असेल, तर तो कोणत्याही योजनेविना ३९,१०० डॉलरला तयार होईल. ही किंमत तुमच्या ‘खास’ किमतीपेक्षा ६०० डॉलरने कमी आहे.

म्हणून माझा आग्रह असा की दोन्ही किमती मागाव्यात, एक योजनेखालची आणि एक योजनेविना, आणि दोन्ही लेखी. मागणी जास्त असलेल्या गाडीवर योजना हा मोठा आधार असतो, तर पडून राहिलेल्या गाडीवर खुली बोली बहुधा सरस ठरते.

योजनेबरोबर रिबेट आणि कमी व्याजाचे कर्जही मिळते का?

सर्वसामान्य ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या बहुतेक रिबेट, म्हणजे वाहन कंपनीने देऊ केलेल्या रोख सवलती, योजनेच्या किमतीतून आणखी वजा होतात. मात्र काही प्रोत्साहने एकमेकांशी जोडता येत नाहीत. विशेषतः रोख रिबेट आणि कमी व्याजदर यांपैकी एकच निवडा, अशी अट वारंवार आढळते. तुमच्या झिप कोडनुसार, म्हणजे पत्त्यातील टपाल क्रमांकानुसार, रिबेट बदलतात, कारण त्या प्रादेशिक असतात.

विक्रीकराचा एक बारकावा इथे लक्षात ठेवावा. डीलरने किंमतच कमी केली, तर कर कमी झालेल्या किमतीवर लागतो. उत्पादकाच्या रिबेटचे तसे नाही. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत रिबेट वजा करण्यापूर्वीच्या रकमेवर कर आकारला जातो. त्यामुळे १,५०० डॉलरची रिबेट आणि १,५०० डॉलरने कमी झालेली किंमत यांत अखेरच्या बेरजेत फरक पडतो.

किंमत ठरली. आता लक्ष कुठे द्यावे?

खरेदीच्या हिशेबात किमतीखाली वाढत जाणाऱ्या ओळींकडे. योजनेने बांधली आहे ती गाडीची किंमत. वाहतूक खर्च स्टिकरमध्ये आधीच असतो आणि तो माफ होत नाही. कागदपत्रांचे शुल्क, म्हणजे डॉक फी, राज्यानुसार बदलते. कॅलिफोर्नियात त्यावर ८५ डॉलरची मर्यादा आहे, फ्लोरिडात मर्यादाच नाही. काही योजना स्वतःच डॉक फीवर मर्यादा घालतात, तेव्हा आपल्या योजनेचे नियम वाचून जावे.

त्यानंतर वित्त विभागाच्या खोलीत रंगसंरक्षण, वाढीव वॉरंटी, चाकांचा विमा असे पर्याय समोर येतात. किंमत ठरल्याच्या समाधानात माणूस इथे सैल पडतो आणि योजनेने वाचवलेले पैसे दहा मिनिटांत परत जातात. हप्ता किती यावर चर्चा न करता, एकूण रकमेचा तक्ता मागून प्रत्येक ओळ वाचावी. डीलरच्या कागदपत्रांत त्या गाडीची योजनेची किंमत असते, ती दाखवण्याची विनंती करणे हा तुमचा अधिकार समजावा.

लीज, ऑर्डर केलेली गाडी आणि वापरलेली गाडी यांना सवलत लागू होते का?

लीजला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी हप्त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीला, होते. तिथे योजनेची किंमत ही गाडीचे मूळ मूल्य म्हणून धरली जाते, पण व्याजासारखा घटक आणि मुदतीअखेरचे मूल्य योजनेने बदलत नाहीत, म्हणून हप्त्यातील घट अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकते. ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या गाडीलाही सवलत मिळते. मात्र गाडी येईपर्यंत महिने जातात, तेव्हा क्रमांकाची मुदत आणि आपली नोकरी या दोन्हींचा विचार करावा. वापरलेल्या गाड्यांना ही सवलत सहसा नसते. मर्यादित संख्येत निघणाऱ्या किंवा अतिवेगवान आवृत्त्या अनेकदा वगळलेल्या असतात आणि ही यादी बदलत राहते.

या योजना वैयक्तिक वापरासाठी असतात. गाडी घेऊन लगेच विकता येऊ नये म्हणून ती ठरावीक काळ स्वतःच्या नावावर ठेवण्याची अटही असू शकते.

दरम्यान नोकरी बदलली किंवा गेली तर?

काढून ठेवलेला क्रमांक चालेलच असे गृहीत धरू नका. योजनेच्या मदतकेंद्राला आपली स्थिती सांगून उत्तर लेखी घ्यावे. मंदीच्या काळात अनेक कुटुंबांवर हा प्रसंग येतो, आणि नोकरी गेल्यावर नव्या गाडीचा सौदा पुढे न्यावा का, हा प्रश्न सवलतीपेक्षा मोठा असतो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तो शांतपणे विचारात घेता येतो.

‘सर्वांसाठी कर्मचारी किंमत’ अशी जाहिरात पाहिली. मग माझ्या पात्रतेचा उपयोग काय?

त्या काळापुरता फारसा नाही. जून २००५ मध्ये जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांची किंमत सर्व ग्राहकांना खुली केली आणि त्या महिन्यात तिची विक्री आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढली. पाठोपाठ जुलैत फोर्ड आणि क्रायस्लरही उतरले. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या धास्तीने बाजार अस्वस्थ असताना फोर्डने पुन्हा तेच केले आणि स्टेलँटिसनेही तशीच घोषणा केली. कर्मचाऱ्यांची किंमत ही भागीदारांच्या किमतीहून कमी असल्याने, अशा मोहिमेत कोडशिवायच तुम्हाला अधिक सवलत मिळते. तरी मोहिमेतून कोणत्या गाड्या वगळल्या आहेत ते पाहावे, कारण नेमक्या त्याच गाडीवर तुमचा कोड चालत असेल.

माझी कंपनी कोणत्याच यादीत नाही. दुसरा मार्ग आहे का?

निसान, सुबारू, माझदा, व्होल्वो यांच्याही भागीदार योजना आहेत, तेव्हा केवळ डिट्रॉइटच्या तीन कंपन्या (फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस) तपासून थांबू नये. सैन्यदलातील आजी-माजी सदस्य, अग्निशमन व पोलीस दलातील कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासाठी अनेक कंपन्यांच्या स्वतंत्र सवलती असतात. पदवीधर झालेल्या मुलांसाठीही काही कंपन्या अल्पकाळ सूट देतात. कॉस्टको या सदस्यत्वावर चालणाऱ्या दुकानसाखळीच्या सदस्यांना ऑटो प्रोग्रॅमखाली सहभागी डीलरकडून आधी ठरलेली किंमत मिळते, आणि त्यासाठी कोणत्याही नोकरीची अट नाही. अनेक क्रेडिट युनियनही (सदस्यांच्या मालकीच्या पतसंस्था) अशी सोय करतात, शिवाय त्यांचा कर्जाचा व्याजदर डीलरच्या दरापेक्षा कमी असू शकतो. तो दर आधी मंजूर करून घेऊन शोरूममध्ये गेल्यास, डीलरने देऊ केलेले कर्ज महाग आहे की स्वस्त, हे तिथल्या तिथे कळते.